आधी माणसाचे आयुष्य, मग आडनाव

जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचे मूल नव्हते. तरीही २००० सालच्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे १ लाख ६३ हजार लोक नोंदले गेले आणि त्यांतले जवळजवळ ९० टक्के कृष्णवर्णीय होते. हा आकडा वाचणारा बहुतेक जण लगेच एक तर्क करतो, की या सगळ्यांचे पूर्वज पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या मळ्यावर गुलाम असणार आणि मालकाचे नाव त्यांना चिकटले असणार. या आडनावाच्या एका प्रसिद्ध कृष्णवर्णीय माणसाची हकीकत मात्र वेगळीच आहे. बुकर टी. वॉशिंग्टन व्हर्जिनियात बरोज नावाच्या कुटुंबाच्या मळ्यावर गुलामीत जन्मले. मुक्तीनंतर शाळेत गेले तेव्हा हजेरीत इतर मुले दोन-दोन नावे सांगत होती आणि त्यांच्याकडे सांगायला एकच होते. पाळी आली तेव्हा त्यांनी ‘वॉशिंग्टन’ असे सांगून टाकले. त्यांच्या सावत्र वडिलांचे नाव वॉशिंग्टन फर्ग्युसन होते, म्हणजे वॉशिंग्टन हे त्यांचे पहिले नाव. आईने आपल्याला जन्मतःच टॅलिफेरो असेही एक नाव दिले होते, हे बुकर यांना पुढे कळले. मधला ‘टी’ तिथून आला. केवळ आडनाव धरून त्यांचे मूळ शोधायला निघालेला माणूस जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर पोहोचला असता, आणि तिथे त्याला काहीही सापडले नसते.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पूर्वजाचा माग काढणे हा आज तिथे लाखोंचा छंद आहे, आणि त्याभोवती मोठा बाजारही उभा राहिला आहे. या शोधाची सुरुवात बहुधा ‘आमचे आडनाव आले कुठून?’ या प्रश्नाने होते. माझे म्हणणे असे, की ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून आहे. त्या शतकातल्या अमेरिकेत आडनाव म्हणजे माणसाच्या आयुष्यातला एक निर्णय होता. कधी तो स्वतः घेतलेला, कधी इतरांनी लादलेला, कधी जागा बदलल्यामुळे झालेला. तो निर्णय कोणत्या परिस्थितीत झाला हे कळायचे तर आधी आयुष्य कळावे लागते. म्हणून आयुष्य आधी शोधावे आणि आडनावाचा अर्थ शेवटी लावावा. हा क्रम उलटा केला तर माणूस चुकीचा सापडतो, आणि खरा माणूस कागदांत पडून राहतो.

या क्रमाची गरज आधी सरकारी कागदच दाखवून देतात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होत असली, तरी १८४० पर्यंत घरातल्या फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत आकडे होऊन बसत. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव प्रथम १८५० मध्ये लिहिले गेले. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या याद्या वेगळ्या होत्या. त्यांत मालकाचे नाव असे आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण. १८६० साली गुलामीत असलेल्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसांना या नोंदींत जवळजवळ नावच नाही. ती आपापल्या नावानिशी जनगणनेत आली ती १८७० मध्ये. कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हा रकाना त्याहून उशिरा, १८८० मध्ये आला. म्हणजे १८५० ते १८७० या काळात एका घरात एकाच आडनावाचा प्रौढ पुरुष आणि लहान मुलगा दिसला, तरी ते बापलेक आहेत असे जनगणना सांगत नाही. तो पुतण्या असेल, धाकटा भाऊ असेल. १८९० ची बहुतेक सगळी जनगणना तर १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीमुळे हातची गेली. अशा तुटक नोंदी केवळ समान आडनावाच्या जोरावर सांधणे म्हणजे मोकळ्या जागा अंदाजाने भरणे.

गुलामीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचे उदाहरण या बाबतीत सगळ्यांत बोलके आहे. मेरीलँडच्या टॅलबट काउंटीत जन्मले तेव्हा त्यांचे नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली होते. १८३८ मध्ये ते गुलामीतून निसटले. पकडणाऱ्यांना चुकवण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन्सन हे आडनाव घेतले. न्यू बेडफर्डला पोहोचले तेव्हा तिथे जॉन्सन इतके होते, की त्या नावाने ओळखच राहीना. ज्यांच्या घरी आसरा मिळाला ते नेथन जॉन्सन त्या दिवसांत वॉल्टर स्कॉट यांचे ‘द लेडी ऑफ द लेक’ हे काव्य वाचत होते. त्यातल्या पात्रावरून त्यांनी डग्लस हे नाव सुचवले. आता या आडनावाचे मूळ शोधायला निघालात तर स्कॉटलंडच्या सरदार घराण्यात पोहोचाल, आणि फ्रेडरिक यांचा त्या घराण्याशी रक्ताचा काडीमात्र संबंध नाही. बरे, जन्माचे बेली हे आडनाव धरून बेली नावाचा मालक शोधलात तर तोही हाती लागणार नाही. त्यांचा मालक होता कॅप्टन ॲरन अँथनी, पुढे ऑल्ड कुटुंब; बेली हे नाव आजी बेट्सी बेली यांच्याकडून आलेले. स्वतः डग्लस यांना आपली जन्मतारीख आयुष्यभर कळली नाही. आपला जन्म १८१७ चा असावा असे ते धरून चालत. डिक्सन प्रेस्टन या अभ्यासकाने अँथनी यांच्या नोंदवहीतली ओळ पुढे आणली, तेव्हा फेब्रुवारी १८१८ मध्ये त्यांची आई हॅरिएट हिच्या पोटी जन्मलेल्या मुलाचा उल्लेख मिळाला. ज्या माणसाने इतरांना मालमत्ता म्हणून वहीत मांडले, त्याच्याच वहीने त्या मुलाचा जन्म सिद्ध केला. ती वही योग्य म्हणून ओळखता आली, कारण डग्लस कोणत्या मळ्यावर, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या नातलगांमध्ये वाढले हे त्यांच्या आत्मचरित्रांतून माहीत होते. आयुष्य माहीत होते, म्हणून कागद सापडला.

गुलामीतल्या माणसांना आडनाव नव्हतेच, मुक्तीच्या दिवशी त्यांनी शेवटच्या मालकाचे नाव उचलले, हा समजही असाच तपासून पाहायला हवा. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबावरील ग्रंथात दाखवून दिले, की अनेक कुटुंबे गुलामीतही आपापसांत आडनावे वापरत आणि पिढ्यान्‌पिढ्या जपत. ती मालकाच्या वहीत नसत, कारण मालकाला त्यांची गरज नव्हती. पुष्कळदा ते नाव एखाद्या जुन्या मालकाचे असे. विक्री आणि वाटणीत कुटुंब तुटण्याआधी सगळे जिथे एकत्र होते, त्या जागेची ती खूण होती. जॉर्जटाउनची हकीकत हेच सांगते. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी २७२ माणसे लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली आणि आलेल्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला. इथे मालक एक धर्मसंघ होता. त्याचे आडनाव घेण्याचा प्रश्नच नव्हता. तरी या माणसांकडे हॉकिन्स, बटलर, क्वीन, महोनी अशी आडनावे होती आणि ती लुइझियानात त्यांच्याबरोबर गेली. विक्रीच्या कागदावरचे पहिले नाव आयझॅक. त्यांचे पूर्ण नाव आयझॅक हॉकिन्स. २०१७ मध्ये विद्यापीठाने आपल्या एका इमारतीला त्यांचे नाव दिले. विक्रीचे कागद, जहाजाची यादी आणि चर्चच्या नोंदवह्या एकमेकांशी ताडून पाहिल्या, तेव्हाच वंशजांचा माग लागला.

यावर अनुभवी संशोधक एक रास्त आक्षेप घेतील. १८७० च्या मागे जायचे तर मालक कोण हे शोधावेच लागते, कारण गुलामांच्या नोंदी मालकाच्या मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत आणि खरेदीखतात असतात. मग आडनावाशिवाय मालकापर्यंत पोहोचणार कसे? आडनावाची मदत नाकारण्याचे मला कारण नाही. ते एक अनुमान म्हणून हाती धरावे. कागदाने दुजोरा दिला तर ठेवावे, नाही तर सोडून द्यावे. पण मालकापर्यंत नेणाऱ्या याहून भरवशाच्या वाटा आहेत. एलिझाबेथ शोन मिल्स यांच्यासारख्या वंशेतिहासाच्या अभ्यासकांनी एक पद्धत घालून दिली आहे: ज्याचा शोध घ्यायचा त्याचे शेजारी, सोबती आणि व्यवहारातली माणसे आधी तपासायची. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये सुरू झालेल्या आणि १८७४ मध्ये बुडालेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्यांत खातेदाराचे जन्मस्थान, आईवडील, भावंडे, जोडीदार, मुले आणि काही ठिकाणी जुन्या मालकाचेही नाव लिहिलेले सापडते. सरकारच्या फ्रीडमन्स ब्यूरोच्या दप्तरात मजुरीचे करार, लग्ने, तक्रारी आणि रुग्णालयाच्या नोंदी आहेत; हजारो स्वयंसेवकांनी त्यांतली सुमारे १८ लाख नावे शोधता येतील अशी सूचीबद्ध केली. हे कागद माणसाला त्याच्या माणसांसकट समोर आणतात, आणि अशा गोतावळ्यात उभा असलेला माणूस नाव बदलले तरी ओळखू येतो.

यादवी युद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली तर या शोधातले सर्वांत समृद्ध साधन आहेत. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. पुढे त्यांनी किंवा त्यांच्या विधवांनी पेन्शन मागितली, तेव्हा लग्नाचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, अशा स्थितीत त्यांना साक्षीदार उभे करावे लागले. बरोबर लढलेले सैनिक, शेजारी, सुईणी, कधी जुन्या मालकाच्या घरचे लोकही जबानी देत. हॅरिएट टबमन यांनाही यातून जावे लागले. त्यांचे जन्मनाव अरमिंटा रॉस. टबमन हे पहिल्या नवऱ्याचे आडनाव. दुसरे पती नेल्सन डेव्हिस १८८८ मध्ये वारले. डेव्हिस यांनी सैन्यात नोकरी केली होती ती नेल्सन चार्ल्स या नावाने. चार्ल्स आणि डेव्हिस हा एकच माणूस, हे साक्षीपुराव्यांनी पटवून दिल्यावर १८९५ मध्ये टबमन यांना विधवा म्हणून महिना ८ डॉलर मंजूर झाले. १८९९ मध्ये काँग्रेसच्या खास कायद्याने ती रक्कम २० डॉलर झाली. ज्या स्त्रीने कितीतरी लोकांना गुलामीतून सोडवून आणले आणि युद्धात उत्तरेसाठी हेर म्हणून काम केले, तिला नवऱ्याच्या दोन नावांचा खुलासा सरकारदरबारी करावा लागला. ते सोसणे अन्यायाचेच होते. पण अशा चौकशांमुळे जमलेल्या जबान्या आज हजारो कुटुंबांचा एकमेव लेखी इतिहास आहेत.

कोणी म्हणेल, ही गुलामीतून आलेल्यांची विशेष अडचण आहे. युरोपातून आलेल्या गोऱ्या कुटुंबांत आडनाव हाच सरळ मार्ग आहे. पुराव्याकडे पाहिले तर तेही टिकत नाही. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरच्या कारकुनांनी आमचे नाव बदलले, ही कथा असंख्य अमेरिकी कुटुंबांत सांगितली जाते. स्थलांतरितांच्या तपासणीचे ते केंद्र सुरू झाले १ जानेवारी १८९२ रोजी, आणि तिथले अधिकारी नावे नव्याने लिहीत नसत; जहाज निघण्याच्या बंदरावर तयार झालेली प्रवाशांची यादी समोर ठेवून पडताळणी करत. नावे बदलली ती बहुधा नंतर, कामाच्या ठिकाणी, शाळेत, नागरिकत्वाच्या अर्जात, आणि पुष्कळदा स्थलांतरितांच्या स्वतःच्या मर्जीने. नॉर्वेहून आलेल्यांचा प्रकार आणखी निराळा. तिथे माणसाच्या नावापुढे बापाचे नाव आणि राहत्या शेताचे नाव लागे. अमेरिकेत आल्यावर कोणी एक ठेवले, कोणी दुसरे, त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी होऊ शकत. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांचे आडनाव नॉर्वेतल्या एका शेताचे आहे. एलिस बेटावर उतरलेली पहिली मुलगी आयर्लंडची ॲनी मूर. टेक्सासमध्ये मरण पावलेली एक ॲनी मूर हीच ती, असे वर्षानुवर्षे मानले गेले. २००६ मध्ये वंशेतिहासाच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी कागदपत्रे तपासून दाखवले, की टेक्सासची ॲनी अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधून फारशी हललीच नव्हती. तिथेच लग्न करून, मुले वाढवून, क्वीन्समधल्या दफनभूमीत नावाचा दगडही नसलेल्या थडग्यात ती विसावली होती. नाव तंतोतंत जुळले होते, आणि नेमके त्यामुळेच कोणी पुढे तपासले नव्हते. स्त्रियांचे आडनाव लग्नाने बदलते, हे लक्षात घेतले तर प्रत्येक वंशावळीतले निम्मे पूर्वज आडनावाच्या वाटेने मुळातच सापडत नाहीत.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो: आता डीएनए चाचणी आहे, मग जुन्या कागदांची धूळ कशाला झाडायची? याचे उत्तर राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांच्या मळ्यावर गुलामीत असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या प्रकरणात आहे. सॅलीचे पुत्र मॅडिसन हेमिंग्ज यांनी १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्राला आपली हकीकत सांगितली. आपले वडील जेफरसन असल्याचे आणि हेमिंग्ज हे आडनाव पणजोबांचे, एका इंग्रज जहाजाच्या कप्तानाचे असल्याचे त्यांनी त्यात सांगितले. म्हणजे हेही आडनाव मालकाचे नव्हते. मॅडिसन यांनी ते ठेवले. धाकटे भाऊ एस्टन १८५२ मध्ये विस्कॉन्सिनला गेले, जेफरसन हे नाव घेतले आणि त्यांचे कुटुंब गोरे म्हणून राहू लागले. सख्खे भाऊ, आडनावे दोन, वर्णाच्या नोंदी दोन. १९९८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एस्टन यांच्या पुरुषवंशातले गुणसूत्र जेफरसन घराण्याशी जुळले. पण ती चाचणी एवढेच सांगू शकत होती, की पिता त्या घराण्यातला कोणी पुरुष होता. तो थॉमस जेफरसन होता हा निष्कर्ष बळकट झाला तो कागदांमुळे: सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या गर्भधारणेच्या काळात ते आपल्या माँटिचेलो मळ्यावर होते हे त्यांच्याच नोंदींवरून दिसते, आणि मॅडिसन यांचे कथन त्याला जुळते. चाचणीने नाते दाखवले. त्या नात्यात कोण माणूस होता हे आयुष्याच्या नोंदींनी सांगितले.

तर मग घरोघर चालत आलेल्या कथांवरच विश्वास ठेवावा का? त्यांनाही हीच कसोटी लावावी. मॅडिसन यांचे कथन शतकभर अनेक इतिहासकारांनी बाजूला सारले आणि ते मुख्य बाबतीत खरे ठरले. तो दुराग्रह होता. दुसरीकडे अ‍ॅलेक्स हॅली यांच्या ‘रूट्स’ या पुस्तकाने १९७६ मध्ये लक्षावधी लोकांना आपले मूळ शोधायला प्रवृत्त केले, पण त्यातली वंशावळ तपासली तेव्हा गाठी सुटल्या. १७६७ मध्ये जहाजातून आला असे ज्या पूर्वजाबद्दल सांगितले होते, तो ज्या टोबी या नावाने ओळखला गेला, त्या नावाचा गुलाम मालकाच्या कागदांत त्याआधीच नोंदलेला निघाला. त्यामुळे त्या पुस्तकाने जागवलेली ओढ खोटी ठरत नाही. त्या ओढीला चांगल्या पुराव्याची जोड मिळावी, हा तिचा हक्कच आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: हा सगळा खटाटोप कुलाभिमानाचाच एक प्रकार नाही का? आडनावापासून सुरुवात केली तर तो तसा होण्याचा धोका नक्की आहे. आडनावावर विकली जाणारी शस्त्रचिन्हांची चित्रे हा त्याचाच नमुना. इंग्लंडच्या परंपरेत असे चिन्ह एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वंशाला दिलेले असते. सारख्या आडनावाच्या सगळ्यांचा त्यावर हक्क नसतो. आयुष्यापासून सुरुवात करणारा शोध मात्र अभिमानाला खुराक देत नाही. त्यात मालकाची वही उघडते, विकलेल्या मुलांची किंमत दिसते, पूर्वज पीडित होता की पीडा देणारा होता हेही कळते. जॉर्जटाउनच्या वंशजांचा माग लागल्यावर विद्यापीठाला माफी मागावी लागली आणि प्रवेशात त्यांना प्राधान्य द्यावे लागले. शोधाला न्यायाची धार आली ती अशी. महाराष्ट्राने अमेरिकेतल्या गुलामीच्या प्रश्नाकडे फार आधी पाहिले आहे. मॅडिसन हेमिंग्ज यांची हकीकत छापली गेली त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. तिथल्या मुक्तीची बातमी इथे पोहोचली होती. ज्यांची मुक्ती झाली त्यांची नावे, नाती आणि जन्मस्थाने मात्र त्यांच्या पणतवंडांपर्यंत आजही पुरती पोहोचलेली नाहीत.

म्हणून आडनावाच्या उगमाचे कोडे सोडवण्याआधी कागद खुले करण्याची मागणी व्हायला हवी. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पेन्शन फायलींपैकी बहुसंख्य अजून डिजिटल स्वरूपात आलेल्या नाहीत. मळ्यांच्या वह्या काही विद्यापीठांकडे आहेत, काही खासगी घरांत. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी विखुरलेल्या आहेत. ज्या संस्था गुलामांच्या श्रमावर आणि विक्रीवर उभ्या राहिल्या, त्यांनी या कागदांच्या जतनाचा आणि सूचीचा खर्च उचलणे हे उपकार नव्हेत, ते देणे आहे. आणि शोध घेणाऱ्याने, मग तो कुठल्याही वंशाचा असो, क्रम पाळावा: माणूस कुठे राहिला, कोणाबरोबर राहिला, कोणाच्या साक्षीने काय सांगितले, हे आधी ठरवावे. एवढे झाले की आडनाव त्याने स्वतः निवडले, जपले, टाकले की त्याच्यावर लादले गेले, याचे उत्तर मिळण्याची खरी शक्यता निर्माण होते. ज्यांना जनगणनेने एके काळी वय आणि वर्ण एवढ्यावर आटोपले, त्यांच्या बाबतीत तरी केवळ एका शब्दावरून निकाल देण्याची घाई कोणी करू नये.